बाईंचं जड इंग्रजी

बाईंना सगळे बाईच म्हणायचे. शाळेतली मुलं म्हणायची, मुलांचे आईबाप म्हणायचे, कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणायचा. पोटचा मुलगाही बाईच म्हणायचा, कारण तो त्यांच्याच वर्गात होता आणि वर्गात 'आई' म्हटलेलं त्यांना चालत नसे. घरी आल्यावर तरी जीभ वळवावी, तर ती पुन्हा कधी वळलीच नाही. आई म्हणणारी त्या घरात एकच, ती म्हणजे सून. आणि बाईंची धास्ती सगळ्यात जास्त कुणी घेतली असेल तर तीही तिनेच.

धास्तीचं कारण इंग्रजी. बाईंनी उभा जन्म वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवलं, तेही साधंसुधं नव्हे. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या जाडजूड कादंबऱ्या, अर्ध्या अर्ध्या पानाचं एकेक वाक्य, आणि त्यात असे शब्द की उच्चारायच्या आधी माणसाने घसा खाकरून घ्यावा. सुनेचं इंग्रजी दहावीपुरतं. पहिल्यांदा या घरी आली तेव्हा खुर्चीचं कौतुक करताना ती मोठ्या हौसेने 'कम्फर्टेबल' म्हणाली आणि त्यातल्या 'टेबला'वर नको तेवढा जोर दिला. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला, शब्द नीट म्हणून दाखवला आणि कप परत उचलला. एवढंच. कोणी हसलं नाही, कोणी बोललं नाही. पण त्यानंतर सुनेने त्या घरात साधं 'थँक्यू'सुद्धा आधी मनात घोकल्याशिवाय तोंडाबाहेर काढलं नाही.

मग एका सकाळी आरशासमोर केस विंचरताना बाईंच्या हातातून फणी पडली. ती उचलायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात कळलं की मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. काही दिवसांनी ती थोडी परत आली, पण येताना मराठी मागेच ठेवून आली. पाणी, दुखतंय, नको, इकडे ये, यातलं काही म्हणजे काही त्यांच्या तोंडून निघेना. निघायचे ते फक्त त्या कादंबऱ्यांतले शब्द. एकेकटे, खणखणीत, मागेपुढे काही नाही.

"बरळताहेत," सुनेचा नवरा म्हणाला. तो पाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर होता. इंग्रजीच्या बाईंचा मुलगा शाळेत इंग्रजीतच नापास झाला होता, आणि हा विषय घरात कोणी काढत नसे.

बरळणं आहे की बोलणं, हे सांगायला स्पीच थेरपिस्ट आली. वयाने लहान, पण शब्द तोलून बोलणारी. तिने बाईंना चित्रं दाखवली, बोटं मोजायला लावली, मग सुनेला बाहेरच्या खोलीत घेऊन आली.

"असं होतं कधीकधी. रोजचे शब्द जातात आणि कष्टाने मिळवलेले राहतात. का ते मलाही नक्की सांगता येणार नाही. तुमचं बोलणं त्यांना बरंचसं कळतंय. पण त्यांच्या मान हलवण्यावर विश्वास ठेवू नका. 'हो' म्हणायचं असताना 'नाही' होईल. लिहायलाही जमणार नाही."

"मग आम्हाला कळायचं कसं?"

"त्यांचे शब्द शिका. एक ना एक जण तरी शिका."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

बाईंचा इंग्रजी-मराठी शब्दकोश त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर असायचा. त्याला इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. सुनेने तो खाली काढला आणि मांडीवर घेतला, तो दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं तसा, अवघडून. पडला-बिडला तर काय?

पहिला शब्द जेवणावरून आला. ती बाईंना भाजीचं सूप भरवत होती. दुसऱ्या चमच्याला बाईंनी तोंड फिरवलं.

"इन्सिपिड."

"काय हवंय, आई? पाणी?"

"इन्सिपिड!"

तिने बाहेर येऊन शब्दकोश उघडला. शब्द कानाला लागतो तसा इंग्रजीत लिहीत नाहीत, हे ती विसरलीच होती. नशिबाने हा सरळ निघाला. बेचव, अळणी, ज्यात काही राम नाही असं. ती शब्दकोश तसाच उघडा घेऊन खोलीत धावली. "आई, अळणी आहे! मीठच नाहीये त्यात. डॉक्टरांनी बंद केलंय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. ओठांची डावी बाजू जराशी वर गेली. उजवी तिथेच राहिली. सुनेला वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं, की आता पुढचा शब्द येणार.

पुढचे येतच राहिले. दिवसा बाईंजवळ राहायला एक मावशी ठेवल्या होत्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, आजारी माणसांची देखभाल हेच त्यांचं काम. एका संध्याकाळी घरी निघायच्या आधी त्या बाईंचं पांघरूण परत परत हनुवटीपर्यंत ओढत होत्या आणि बाई परत परत डाव्या हाताने खाली ढकलत होत्या.

"ऑफिशस," बाई म्हणाल्या.

"नाही आई, आता कुठलं ऑफिस? सुटले मी कामावरून," सून म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. ढ मुलापुढे हात टेकल्यावर मिटत तसे. शब्दकोशात बघितलं तर अर्थ निघाला, गरज नसताना लुडबुड करणारा, मदतीच्या नावाखाली नाक खुपसणारा.

"काय म्हणाल्या हो?" मावशींनी दारातून विचारलं.

"तुम्ही फार काळजी घेता म्हणाल्या."

"माझं मेलीचं कसलं कौतुक!" म्हणत मावशी लाजून गेल्या.

असे गमतीचे प्रसंग थोडे. एरवी नुसता घोर. सून एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायच्या आणि बसवायच्या. यंत्रावर काच धरून ती पुटपुटत राही: लँग्विड म्हणजे मरगळलेलं, टीडियस म्हणजे कंटाळवाणं, व्हेक्स्ड म्हणजे वैतागलेलं. शब्द पाठ होत, पण अर्थ कुठला घ्यायचा हे कोण सांगणार? एकदा बाई नुसतं 'व्हेन' म्हणाल्या. त्या उच्चाराचे तीन शब्द निघाले आणि तिन्हींचं स्पेलिंग वेगळं. एकाचा अर्थ शीर, दुसऱ्याचा व्यर्थ किंवा गर्विष्ठ, तिसऱ्याचा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्रा. शीर म्हणावी तर पुन्हा गुठळी झाली असेल, डॉक्टरांना बोलवायला हवं. व्यर्थ म्हणावं तर बाई खचल्या असतील, जवळ बसायला हवं. ती दोन्ही करून मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, शीर ठीक आहे. बाईंना काय म्हणायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक शब्द ती दोनदोनदा शोधायची. एक चुकीचा अर्थ घेतला आणि त्यातच काही झालं तर?

आणि मग बाई हळूहळू मावळायला लागल्या.

सकाळी सून कामाला निघायची तेव्हा त्या बऱ्या असत. डोळ्यांत ओळख असे, एखादा शब्द असे. संध्याकाळी परत यावं तर मान एका बाजूला कललेली, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, हाक मारली तर पापणी अर्धी उघडून परत मिटायची. घर एकदम शांत झालं होतं. थेरपिस्ट दुपारनंतर यायची, आणि येईल तेव्हा बाई झोपेत.

"मला लक्षण ठीक दिसत नाही," ती म्हणाली. "पुन्हा तपासून घ्या. आणि असंच चाललं तर माझ्या येण्याचा काही उपयोग नाही."

नवऱ्याने बाईंना तपासायला नेलं. परत येऊन सांगितलं की नवीन काही नाही, वय झालंय. मग दोन दिवसांनी जेवताना ताटाकडेच बघत म्हणाला, "देखभाल केंद्रात विचारलं मी. एक तारखेपासून खाट मिळतेय. तिथे नर्स असतात."

"त्यांना कोण समजून घेणार तिथे?"

"इथे तरी काय समजतंय? शब्दकोश घेऊन बसतेस, दुकानात काचा उलट्या बसवतेस. तुझ्या डोळ्यांखाली बघ जरा."

ते काही खोटं नव्हतं. आदल्याच दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली होती आणि मालकांनी चारचौघांत खडसावलं होतं. खाट घेणं म्हणजे हात झटकणं, असं एक मन म्हणे. दुसरं मन म्हणे, तुला काय कळतं? तू काय डॉक्टर आहेस?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघताना बाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. पकड अशी की काचेच्या बांगड्या असत्या तर पिचल्या असत्या.

"लॉडनम."

"काय, आई? लॉर्ड? देवाचं काही?"

"लॉडनम. लॉडनम!"

कामाला उशीर होत होता तरी तिने शब्दकोश काढला. एल-ओ खाली शोधलं, एल-ए-डब्ल्यू खाली शोधलं. काही नाही. 'लोड' मात्र सापडला. लोड म्हणजे ओझं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे खाटेची कुणकुण बाईंना लागली होती तर.

ती पलंगावर बसली. "आई, तुम्ही ओझं नाही आहात हो. असं मनात आणू नका."

बाईंनी मान जोरजोरात हलवली. हो की नाही, देव जाणे. तोंड लालबुंद झालं, डाव्या डोळ्यातून धार लागली. "कोण, आई? कोण काय म्हणालं तुम्हाला?" सुनेने विचारलं.

"फिलिअल," बाई म्हणाल्या आणि थकून उशीवर कलंडल्या.

हा शब्द तिला सापडला. मुलाने किंवा मुलीने आईबापांशी वागावं तसं, पुत्राला साजेसं. तिला हायसं वाटलं, कारण हे तर उघड होतं. आई मुलाची आठवण काढत होती. एकाच छपराखाली राहून तो त्यांच्या खोलीत दारापर्यंतच जायचा. संध्याकाळी तो रात्रपाळीला निघाला तेव्हा तिने त्याला सांगितलं, "आई तुझी आठवण काढताहेत."

तो बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. "काय म्हणाल्या नेमकं?"

"मुलाबद्दल काहीतरी. जरा बस ना त्यांच्याजवळ."

"उद्या बसतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी काही बसला नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मावशीही सुट्टी घ्यायच्या आणि घर सुनेकडे असायचं. सुट्टीला का कोण जाणे बाई दुपारीही टक्क जाग्या असत, तशा त्या दिवशीही होत्या. थेरपिस्टने मागे एकदा सुचवलं होतं, त्यांनी शिकवलेल्या कादंबऱ्यांतली एखादी वाचून दाखवा. सुनेने ते आजवर टाळलं होतं. बाईंसमोर इंग्रजी मोठ्याने वाचायचं? त्यापेक्षा छपरावरून उडी परवडली. पण एक तारीख जवळ येत होती आणि दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. कपाटातून सगळ्यात झिजलेली कादंबरी तिने काढली आणि मधलंच, सारखं उघडून सैल झालेलं प्रकरण उघडलं.

गोष्टीत एक श्रीमंत म्हातारी आत्या होती आणि तिची भाची होती. एवढं कळायला तिला एक अख्खं पान लागलं. चुकीचा उच्चार झाला की बाई पलंगाच्या कठड्यावर बोटाने टक् करत आणि शब्द सुधारून म्हणत. टक्. मेलँकली. टक्. तिने 'क्वे' वाचलं, बाई म्हणाल्या 'की'. तळहात पानाला चिकटायला लागले. पण बाईंचा आवाज स्वच्छ येत होता, आणि एवढे शब्द एका बैठकीत त्या आजारपणानंतर पहिल्यांदाच बोलत होत्या. म्हणून ती थांबली नाही. वकील घरी यायचा होता. आत्याला त्याच्याशी बोलायचं होतं. भाचीने आत्याचा पेला घेतला आणि त्यात थोडेसे थेंब टाकले. कसले?

"लाउडानम," सुनेने वाचलं.

टक्.

"लॉडनम," बाई म्हणाल्या.

सुनेच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. तिने त्या शब्दाकडे परत बघितलं. एल-ए-यू. ती एल-ओखाली शोधत बसली होती. तिने शब्दकोशाची पानं उलटली. लॉडनम: अफूचा अर्क. पूर्वीच्या काळी झोप यावी म्हणून देत.

तिने शब्दकोश मिटला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आई," तिने हळू विचारलं, "तुम्हाला कोणी देतंय का असं काही?"

बाईंनी मान हलवली. नाही. मग हलवली. हो. मग परत नाही. ही साक्ष होती, का नुसती एक आवडती गोष्ट, हजार वेळा शिकवून डोक्यात रुतलेली? असल्या शब्दावर विसंबून कुणावर आळ घ्यायचा? आणि मावशींवर? गरीब बिचाऱ्या मावशी, लाजून पदर सावरणाऱ्या? बाईंच्या औषधांचा डबा तीच भरायची. तो तिने पुन्हा ओतून बघितला. त्यात भलतंसलतं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक काच यंत्रावर तडकली. मालक तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, "घरी जाऊन यायला हवं मला. आत्ता." तिचा चेहरा बघून त्यांनी मानेनेच जा म्हटलं.

भर दुपारी तिने आपल्या किल्लीने दार उघडलं. नवऱ्याच्या खोलीचं दार बंद, तो झोपलेला. स्वयंपाकघरात मावशी ओट्याशी उभ्या होत्या. दोन चमच्यांच्या मध्ये त्यांनी काहीतरी धरलं होतं आणि अंगठ्याने दाबत होत्या. पांढरी भुकटी झाली. ती त्यांनी कुस्करलेल्या केळ्यात मिसळली.

"काय आहे ते, मावशी?"

मावशी दचकल्या, पण चोर सापडावा तशा नव्हेत. "अगंबाई, तुम्ही? घाबरवलंत की. ती गोळी हो, झोपेची. आख्खी गिळता येत नाही त्यांना."

"कुणी सांगितली द्यायला?"

"दादांनी. तुम्ही गेल्यावर एक आणि दुपारी एक." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून मावशींचा आवाज खाली आला. "वहिनी, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

फिलिअल. तिने कोण म्हणून विचारलं होतं आणि बाईंनी उत्तर दिलं होतं. सरळ, एका शब्दात. आणि तिने ते उत्तर नेऊन त्यालाच सांगितलं होतं.

तिने मावशींना त्या दिवसापुरतं घरी पाठवलं. केळ्याची वाटी टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिली. नवऱ्याला हलवून जागं करावं असं हजारदा मनात आलं. पण काय बोलायचं तेच जुळेना. तो उठून डोळे चोळत आला तेव्हा आधी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग वाटीकडे. मग खुर्ची ओढून बसला.

"डॉक्टरांनीच लिहून दिली होती," तो म्हणाला. "दवाखान्यातून सोडताना. गरज पडली तर म्हणून."

"रोज दोनदा गरज पडते?"

"तू सकाळी निघून जातेस. मी पाळी करून येतो, डोळा लागतो न लागतो तोच त्या सुरू करतात. ऑब्ट्यूज! इन्डोलन्ट! भिंतीपलीकडून, एकसारखं."

"त्यांना काहीतरी हवं असेल. त्याचा अर्थ बघायला..."

"मला माहितीये अर्थ. इंग्रजीतले तेवढेच तर येतात मला. मठ्ठ आणि आळशी. अख्ख्या वर्गासमोर म्हणायच्या, आणि संध्याकाळी त्याच हाताने मला वाढायच्या. मी चाळिशीला आलो. पण तो आवाज आला की अजून बाकावर उभा असल्यासारखं वाटतं." त्याने वाटी थोडी दूर सरकवली. "मागे एकदा मला कामावर डुलकी लागली. क्लोरीन किती सोडायचा ते माझ्या हातात असतं. जोडीदाराचं लक्ष गेलं म्हणून, नाहीतर जास्तीचा क्लोरीन सगळ्या गावाच्या पाण्यात उतरला असता. त्या दिवशी घरी आलो आणि मावशींना सांगितलं, देत जा गोळी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर देऊ दिली असतीस?"

"नाही."

"म्हणून."

"आणि तपासायला नेलंस तेव्हा डॉक्टरांना?"

तो वाटी ओट्यावर ठेवायला उठला आणि परत बसला. तिला भांडायचं होतं. चांगलं मोठ्याने, भांडी आपटून. पण घर शांत झालं तेव्हा संध्याकाळी पाय पसरून बसताना आपल्यालाही बरंच वाटलं होतं, हे तिच्या मनातून जाईना. मग ती एवढंच म्हणाली, "त्यांना कळलंय. गोळीही कळलीय आणि कोण देतंय तेही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, मुलाबद्दल काहीतरी. मला तेव्हाच समजलं." मग त्याने विचारलं, "जाग्या आहेत?"

"आहेत."

बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आत सगळं ऐकू जात होतं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथूनच मागे फिरला. अंघोळ केली आणि नेहमीपेक्षा लवकर कामावर गेला.

डॉक्टरांनी फोनवर आधी तिचीच कानउघाडणी केली. मग बजावलं की गोळी एकदम बंद करू नका, अर्धी करा, मग पाव. पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. बाई चिडायच्या, थरथरायच्या, दिवसभर ओरडायच्या. दुकानातून घेतलेली रजा संपत आली. शेजारचे दार वाजवून गेले. एक तारीख अंगावर येत होती आणि कधी कधी तिला खरोखर वाटे, घ्यावी ती खाट, आपण कोण मोठ्या लागून गेलो. थेरपिस्टला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी पण विचारायला हवं होतं, काय काय औषधं चालू आहेत." पण ती येत राहिली. एका दुपारी बाईंनी तिच्या सहा चित्रांपैकी चारांना नावं दिली. चारही अशी, की थेरपिस्टलाच सुनेकडून अर्थ विचारावे लागले.

नवऱ्याने केंद्राला फोन करून खाट नको म्हणून कळवलं आणि जोडीदाराशी बदलून दिवसपाळी घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. पण बाईंच्या खोलीत तो गेला की बाई भिंतीकडे तोंड करायच्या. सूप ठेवायचा, उभा राहायचा, परत यायचा. एक शब्द नाही. ज्या शब्दांनी त्याची झोप उडायची त्यांतलाही नाही.

"ओरडल्या असत्या तर बरं होतं," तो एकदा म्हणाला.

सुनेने औषधांचा डबा स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली होती. कामाला जातानाही बरोबर. तो ते बघायचा. मग त्याच्या सुट्टीचा एक दिवस आला. मावशींच्या घरी कोणीतरी आजारी होतं, म्हणून त्या येणार नव्हत्या. सुनेला आणखी रजा मिळण्यासारखी नव्हती. तिने पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. शेवटी डबा काढून त्याच्या हातात दिला.

"सकाळच्या या, दुपारच्या या."

"हं," तो म्हणाला.

दुकानात तिने पहिल्या तासाभरात काहीच धड केलं नाही. फोन करावा तर विश्वास नाही असं होतं, न करावा तर जीव राहत नाही. चष्म्याची एक फ्रेम हातात घेऊन ती नुसती पुसत बसली होती. इतक्यात फोन वाजला. नवऱ्याचं नाव बघून तिने तो पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं?"

"काही नाही. ऐक, डिलेटरी म्हणजे काय गं? डि... ले... टरी. असंच म्हणाल्या."

तिने फ्रेम खाली ठेवली. हा शब्द तिने मागच्या महिन्यात शोधला होता. "दिरंगाई करणारा. कामाला उशीर लावणारा. कोणाला म्हणाल्या?"

"मला. तोंड भिंतीकडेच होतं, पण म्हणाल्या मलाच."

"सूप दिलंस का?"

पलीकडे गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गरम करतोय."

"मग दे लवकर."

"देतो." पण त्याने फोन ठेवला नाही. "गोळ्या तू दिल्यास त्याच दिल्या सकाळी. संध्याकाळी आलीस की डबा बघून घे."

तिला म्हणायचं होतं, त्याची काही गरज नाही. शब्द ओठांपर्यंत आलाही.

"बघेन," ती म्हणाली.

"बघ," तो म्हणाला, आणि मागे बाईंचा आवाज आला, चढलेला, काहीतरी लांबलचक. तो घाईघाईने फोन ठेवून गेला.